अठरा एमएमचं सासर

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी आमच्या वरसे गावात धुकं, नंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. मधमाश्यांची पेटी घरी करायला घेतली की भुशाबरोबर किस्सेही साठतात. भुसा झाडून टाकता येतो. हे सगळे एकाच पेटीचे.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या गल्लीतल्या कुसुमकाकींच्या विजेच्या मीटरमागे सातेरी माश्यांनी पोळं केलं. वायरमन येऊन बघून गेला. "पंधरा दिवसांनी मीटर बदलायचाय. तवर हलवा, नायतर मी फवारा मारून कामाला लागणार."

काकी मला म्हणाल्या, "पोरी आपण होऊन घरात आल्यात, मारायच्या नायत. तू आणि तो म्हात्रे, चांगलं घर बघून द्या त्यांना."

म्हात्रे म्हणजे कंपनीत माझ्याच शिफ्टला असणारा मित्र. सुतारकाम हौसेचं.

*

पेणला प्लाय बघायला गेलो. गोंदाचा उग्र वास असला की माश्या पेटीत टिकत नाहीत, म्हणून मी एकेक तुकडा नाकाला लावून बघत होतो.

दुकानदार म्हणाला, "काका, प्लाय हाय तो. हापूस नाय."

म्हात्रे म्हणाला, "थांबा, अजून ते देठ बघतील."

*

दुकानदाराने शेवटी अठरा एमएमचं मरीन प्लाय काढलं. म्हात्रे धरमतरकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. म्हणाला, "मरीन म्हणजे समुद्राचं ना? मग समुद्रालाच विचारू."

नमुन्याचा तुकडा त्याने गावी नेऊन खाडीत खुंटाला बांधला. दोन दिवसांनी गेलो, तर दोरी होती, तुकडा नव्हता. पुढे एक मावशी त्याच्यावर बोंबील कापत बसलेली.

"गो मावशी, फुगला नाय ना?"

"फुगला असता तर ठेवला असता का रं?"

म्हात्रे मला म्हणाला, "पास."

*

माझं समाधान होईना. थर सुटतात का बघायला दुसरा तुकडा घरी पातेल्यात उकळत ठेवला. दुपारभर उकळला. बायकोने झाकण काढून त्याला चमच्याने टोचलं.

"कच्चाच हाय अजून," ती म्हणाली. "कुकर लावू?"

आम्ही तेच प्लाय घेतलं.

*

म्हात्रेने पेटी सुरेख केली, पण माप बाहेरून धरलं. दोन्ही बाजूंच्या अठरा एमएमने आतली जागा खाल्ली. फ्रेम आणि भिंत यांच्यात माश्यांना फिरायला तीन सूत, म्हणजे करंगळीएवढी, फट लागते. इथे फ्रेमच आत जाईना.

मी फ्रेम तिरकी घालून बघितली. म्हात्रे म्हणाला, "माश्या सासरी आल्यावर बारीक होतात, असं कुठं लिवलेलं नाय ना?"

आतलं माप धरून पेटी नव्याने कापली.

*

वायरमन सोमवारी येणार. शनिवारी पेटी घेऊन काकींकडे गेलो. काकींनी आधी ती अंगणात मांडायला लावली. टिचक्या मारून बघितल्या. झाकणावर तांब्याभर पाणी ओतून आत हात फिरवला. नाक घालून वास घेतला.

"घर कोरडं हाय. ठेवणार कुठं?"

"माझ्या गच्चीवर," मी म्हणालो.

"ऊन येतं का?"

"भरपूर," म्हात्रे अभिमानाने म्हणाला.

काकींनी एकदा वर उन्हाकडे बघितलं. संध्याकाळी आम्ही पोळी अलगद फ्रेमना बांधली, राणीसकट माश्या आत घेतल्या. काकींनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि पाठवणी केली.

रविवारी भर दुपारी गच्चीवर गेलो. ऊन तापलं होतं. पेटीत एक माशी नव्हती.

तेवढ्यात काकींचा फोन. "पोरी माहेरी आल्यात रे. पडवीच्या वाशाला लोंबतायत."

मी आणि म्हात्रे धावत गेलो. घड दोन मुठींएवढा, शांत. उद्या वायरमन. म्हात्रे म्हणाला, "काकी, प्लायमध्ये खोट नव्हती हो."

"प्लाय चांगलंच हाय," काकी म्हणाल्या. "पोरींना नको नेऊ. त्यालाच इथं आण. घरजावई करून घेते."

संध्याकाळी पेटी काकींच्या पडवीत, सावलीच्या भिंतीला ठेवली. माश्या आत गेल्या. सोमवारी वायरमनने मीटर बदलला. आज पाच फ्रेम भरल्या आहेत.