डावीकडचं माणूस

बोटांच्या पेरांनी टेबल ठोकून तो म्हणायचा, "ऐका, आजी!" की समजावं, आता कोणाचं तरी मुंडकं उडणार.

मी परदेशात, मेनूथला मुलाकडे आले, साथीत विमानं बंद झाली आणि अडकले. हा शेजारी भाड्यानं राहायचा. नागपूरचा, काटकुळा. युनिव्हर्सिटीत अँग्लो-सॅक्सन लोकांचा अभ्यास करायचा. म्हणजे इंग्रजांचे हजार वर्षांपूर्वीचे पूर्वज. दुसऱ्याच्या घरात जायला बंदी होती, म्हणून आम्ही अंगणात बसायचो. टेबलाच्या त्या टोकाला तो, या टोकाला मी.

त्याच्या गोष्टींत कुऱ्हाडीनं कवट्या फुटायच्या, कावळे प्रेतांचे डोळे टोचायचे. मेलेल्याशेजारी त्याचा भाला पुरायचे.

"तू कधी कोणाला थप्पड तरी मारलीस का रे?"

"मला रक्त बघून चक्कर येते, आजी."

कालव्याकाठी फिरताना मी काठी टेकत, तो सायकल ढकलत चालायचा आणि मला कायम डावीकडे ठेवायचा. "त्यांची ढाल डाव्या हातात असायची. अर्धी आपल्याला झाकते, अर्धी डावीकडच्याला. रांग सोडून पळाला तो मेल्याहून मेला."

"तुझ्या हातात सायकल आहे, मेल्या. ढाल कुठली?"

एका संध्याकाळी टवाळ पोरांचं टोळकं आडवं आलं. माझ्या लुगड्याला हसले. एकानं विटेचा तुकडा मारला. माझं कपाळ फुटलं.

रक्त बघून तो पांढराफटक पडला. सायकलवर बसला असता तर सुटला असता. मीच ओरडले, "पळ!"

त्यानं सायकल उचलून आमच्यापुढं आडवी धरली. "आजी, डावीकडे! डावीकडेच राहा!"

दगड चाकांवर आदळत होते. मी काठीनं एकाचं नाक फोडलं. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. तेवढ्यात एक जण गज घेऊन उजवीकडून आला.

डोकं फुटल्याचा आवाज नारळासारखा होत नाही. ओला होतो.

दवाखान्यात कोणाला सोडत नव्हते. दोन दिवसांनी तो गेला. अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. मी म्हटलं, "पेटीत सायकल ठेवा."

मुलगा म्हणाला, "आई, काहीतरीच काय!"

ढालीच्या रांगेत आपली उजवी बाजू उजवीकडचा माणूस झाकतो. हे त्यानं मला सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर काठी घेऊन मी तिथं उभी राहिले असते.

वाकलेली सायकल आता मीच ढकलत नेते. तिच्या उजवीकडून चालते.