कट्ट्याहून रेडी आणि परत : एका स्नायपरच्या मानपत्रासाठी केलेला प्रवास

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक फोन आला. बोलणारे गृहस्थ म्हणजे मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाजवळच्या एका वाडीतले निवृत्त शिक्षक, पास्कोल सर. "तुम्ही दत्तारामचे कॉलेजमधले मित्र ना? प्रजासत्ताक दिनी गाव त्याचा सत्कार करतंय. मानपत्र तुम्ही लिहावं अशी समितीची इच्छा आहे. आणि एक आकडा हवाय. आम्हांला तो सांगत नाही, तुम्हांला सांगेल."

दत्ताराम आणि मी कोल्हापुरात बी.कॉम.ला असताना एका खोलीत राहत होतो. दुसऱ्या वर्षी तो सैन्यभरतीला गेला आणि परतला नाही. पुढे कळले की तो पायदळात स्नायपर झाला आहे, म्हणजे दूरवर दडून, दुर्बिणीतून नेमका एक माणूस टिपणारा सैनिक. मी त्याला पत्रे लिहीत असे. दोन वर्षांनंतर त्याची उत्तरे थांबली. त्याच्या लग्नात एकदा भेट झाली, तीही धावती, आणि त्यालाही आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. निवृत्तीनंतर तो गावी भात आणि काजू करतो एवढेच मला ठाऊक होते. खरे सांगायचे तर मला मानपत्र लिहिण्याची ओढ नव्हती. मला तो भेटायला हवा होता, आणि त्यासाठी एक सभ्य कारण आयते चालून आले होते.

चोवीस तारखेला सकाळी सहाला कोल्हापूर सोडले. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मग महामार्गाने कसाल आणि तेथून उजवीकडे मालवणचा रस्ता, असा माझा क्रम होता. दाजीपूरच्या जंगलातला रस्ता अरुंद आहे आणि गवे कधीही आडवे येतात. तेथे वेग चाळीसच्या आत ठेवावा. घाट उतरताना हवा दमट होत जाते आणि आंब्याच्या मोहोराचा वास काचा खाली करायला लावतो. न्याहारीचा थांबा धरून साडेचार तासांत मी कट्ट्याच्या बाजारात पोहोचलो.

बसथांब्यासमोरच्या चहाच्या दुकानात पास्कोल सर भेटायचे होते. ते येईपर्यंत शेजारच्या बाकावरची चर्चा ऐकू येत होती, आणि विषय दत्तारामचाच होता.

"लपान बसान मारूचा, हेच्यात कसला शौर्य?" एक जण म्हणाला.

"तू आधी आरती संपासर देवळात गप उभो ऱ्हवान दाखय," दुसऱ्याने त्याला सुनावले. "तो दिसभर पडान ऱ्हवायचो. मुंगळे चावले तरी हलाक नाय."

"मुंगळे माका पण चावतत."

"तुका चावलो तर आख्ख्या बाजाराक कळता."

तेवढ्यात पास्कोल सर आले आणि बसता बसता म्हणाले, "गनिमी कावा काय ढोल वाजवून करायचे?" तो वाद तेथेच थांबला. माझेही मत तेव्हा सरांच्या बाजूचे होते. एका गोळीत नेमके काम करणारा, इतर कोणाला इजा न करणारा सैनिक कोणाहूनही कमी वीर कसा, हे मला समजत नव्हते. मानपत्राचा दोन पानी मसुदा मी याच युक्तिवादावर रचला होता.

सरांनी मला सत्काराचा फलक दाखवला. लग्नाच्या फोटोतला दत्तारामचा चेहरा कोणा परदेशी सैनिकाच्या धडावर बसवलेला होता. मागे बर्फ होते, हातात बंदूक होती. खाली लिहिले होते, "शत्रूंचा कर्दनकाळ", आणि त्याआधी त्याने किती जण टिपले त्या आकड्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

"तुम्ही कळवलंत की रंगवून घेऊ," सर म्हणाले.

वाडी कट्ट्यापासून आत चार किलोमीटरवर आहे. रस्ता लाल मातीचा, पण गाडी जाते. दत्ताराम माडांच्या बागेत पत्र्याचा डबा बडवून वानर हाकलत होता. केस पांढरे झाले होते, पण पाठ सरळ होती. माझ्याकडे पाहून त्याने डबा खाली ठेवला.

"इलंस? वाट चुकलंस काय कोणी धाडल्यान?"

"धाडलं," मी म्हणालो. खोटे बोलण्याइतका वेळ मिळाला नाही.

"बरा झाला, खरा बोललंस. जेवान घे. उद्या सकाळी मी रेडीक भैणीकडे जातलंय. सव्वीस तारखेक मी गावात नाय."

जेवणात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी होती. वाढताना सुमती वहिनी म्हणाल्या, "हय घराघरात शेतराखणीची बंदूक आसा. आमच्याकडे नाय. वांदर सगळे नारळ खाले तरी हे डबोच बडवतत." मग दत्ताराम हात धुवायला गेला तेव्हा त्यांनी आवाज उतरवून आणखी एक गोष्ट सांगितली. दरवर्षी मे महिन्यात कराडकडचा एक माणूस गुळाची ढेप घेऊन येतो. दोघे पडवीत बसतात, फारसे बोलत नाहीत, आणि जाताना तो दत्तारामच्या पायांना हात लावतो.

"मी विचारलंय, कोण तो? तर म्हणतत, तो माझ्या फुडे चलायचो."

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. पुढे चालणाऱ्या तुकडीवर कोणी नेम धरू नये म्हणून मागे दडून बसणे, हेच दत्तारामचे काम होते. तो गुळवाला जिवंत घरी पोहोचलेल्यांपैकी एक होता.

पंचवीसला सकाळी तो एस.टी.ने निघणार होता. मी म्हणालो, माझ्या गाडीतून चल. समितीने मला त्याच्या सत्कारासाठी बोलावले होते आणि मी त्याला गावाबाहेर पोहोचवत होतो, ही विसंगती मला कळत होती. पण दोन तास तो माझ्या शेजारी बसणार होता.

कुडाळवरून वेंगुर्ले, शिरोडा आणि रेडी असा हा मार्ग आहे. वेंगुर्ल्यात घावने आणि काळ्या वाटाण्यांची उसळ खाल्ली. दोघांचे मिळून दोनशेच्या आत झाले, आणि ती उसळ चुकवू नये असे मी आग्रहाने सांगेन. शिरोड्यापर्यंत आम्ही वसतिगृहातल्या मेसबद्दल बोललो. रेडीत शिरताच तो म्हणाला, "भैणीकडे दुपारी जावया. आधी गडार चल."

रेडीचा यशवंतगड पाहायला तासभर पुरतो. चिऱ्याच्या भिंतींवर वडांची मुळे उतरली आहेत, त्यामुळे उन्हातही आत गारवा असतो. बुरुजावरून खाडी, वाळू आणि दूरवर बंदराचा धक्का दिसतो. खनिज भरण्याचे काम चालू होते. मला तेथे हलणारे ठिपके दिसत होते.

"तो लाल शर्टवालो बघ," दत्ताराम म्हणाला. "डाव्या पायान लंगडता. आता बसलो. डबो उघडल्यान." मग त्याने मान फिरवली. "नजर अजून जाता रे. थांबवक येणा नाय."

मी माझा युक्तिवाद मांडला. तोफ डागणाऱ्याचा सत्कार होतो, वैमानिकाचा होतो, मग तुझाच का नको? त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तोफवाल्याक डोंगर दिसता. माका माणूस दिसायचो. दोन-दोन दिस. कोण डावरो, कोण कोणाक हसवता, सगळा कळायचा. मगे हुकूम यायचो. ता काम चुकीचा नव्हता, विनू. तीच येळ परत इली तर तसाच करतलंय. पण आकडो वाचल्यार ते सगळे एकच होतत. माका ते येगळे म्हायत आसत."

तो पुढे बोलला.

"तुझी पत्रां यायची. 'कसं चाललंय' म्हणान विचारायचंस. काय लिवतलंय मी? आज एक जण चाय फुंकीत होतो, म्हणान लिवू?"

इतकी वर्षे मी समजत होतो की तो मला विसरला. तो दर पत्राला उत्तर शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हते. हे कळल्यावर बरे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

मग तो म्हणाला, "माका सत्कार नको. एकदा देवळात गाऱ्हाणा घालूचा आसा. पण आमचो मानकरी अण्णा नाव-गाव इचारतलो, नि माका एकाचाय नाव म्हायत नाय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. या भागात कोणतेही मोठे कार्य करताना गावचा मानकरी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो. ज्याच्यासाठी मागायचे त्याचा नामोल्लेख करून तो देवाशी मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" अशी साथ देतो. गावाने साथ दिली नाही तर ते मागणे एकट्याचे राहते.

"नाव कशासाठी लागतं?" मी विचारले. "माणूस ओळखू यावा म्हणूनच ना? तुझ्याकडे खुणा आहेत. खुणा सांग."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मला, फार थोडा वेळ, आमच्या खोलीतला मुलगा दिसला. मग तो उठला. "चल. भैणीक फोन करतंय. परत जावया."

सव्वीसला शाळेतल्या ध्वजवंदन-सत्काराआधी सारे देवळात जमले. मानकरी अण्णा सत्तरीचे आहेत. त्यांनी दत्तारामचे ऐकून घेतले आणि ते अस्वस्थ झाले.

"गाऱ्हाणा गावासाठी आसता रे. परक्यांसाठी, तेही आपल्यावर बंदूक धरणाऱ्यांसाठी, कोणी घातलेला माझ्या आठवणीत नाय."

"अण्णा, तेंका शेवटचो बघणारो मी. तेंच्या घरच्यांनी पण बघूक नाय," दत्ताराम म्हणाला. "तुमी नाय म्हणालात तर माझो राग नाय. पण मगे मी शाळेत येवचंय नाय."

अण्णांनी नारळ देवापुढे ठेवला, उपरणे सारखे केले आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू दत्ताराम आज तुझ्या फुडे उभो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या हातान जे पडले, तेंची नावां तुका म्हायत, आमका नाय. एक चाय फुंकीत होतो. तेका तुझ्या पायाशी जागा दी रे म्हाराजा."

साथ आली नाही. पंचवीस-तीस माणसे खाली पाहत उभी होती. अण्णाही थांबले. मग अंगणाच्या कडेला, तुळशीपाशी, चपला काढून उभ्या असलेल्या पास्कोल सरांचा आवाज आला. "व्हय म्हाराजा." रविवारी चर्चला जाणारे हे गृहस्थ. त्यांच्या मागोमाग दोन-तीन आवाज आले, मग साऱ्या गावाचा.

दत्ताराम हलक्या आवाजात एकेक खूण सांगत होता आणि अण्णा ती देवापुढे मांडत होते. एक शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. एक बर्फ खणून किटलीत भरत होता. एकाचे ओठ हलत होते, बहुधा गात असावा, ऐकू येत नव्हते. एकाने शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला होता. प्रत्येकासाठी साथ गेली. तिसऱ्यापासून माझीही. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, मोजणे मला थांबवता येत नाही. मी मोजले. तो आकडा येथे लिहिणार नाही. इतरांनीही मोजले असणार, पण फलकावरची जागा रंगवण्याविषयी कोणी बोलले नाही. फलक शाळेत लागलाच नाही.

शाळेत शाल आणि श्रीफळ देताना सर तीन वाक्ये बोलले. माझा दोन पानी मसुदा खिशातच राहिला. सरांना सांगितले, नवा पाठवतो.

निघताना दत्ताराम गाडीच्या खिडकीशी वाकला. "सगळो येळ माझाच इचारलंस. तुझा काय ता सांगूक नाय." माझी रजा संपली होती. पुढच्या वेळी सांगेन असे म्हणालो, आणि ते म्हणताना स्वतःचा राग आला.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मालवणात घरगुती निवास दीड हजारापासून मिळतो आणि रेडीसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. स्नायपरला वीर म्हणावे का, असे कोणी विचारले तर मी आता एकदम उत्तर देत नाही. म्हणावे, असेच मला वाटते. मात्र त्याने काय पाहिले हे ऐकून घेण्याची तयारी असेल तरच म्हणावे.

घरी आल्यावर नवे मानपत्र लिहायला मला आठ दिवस लागले. शाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी पाठवलेला मजकूर असा: "दत्ताराम या गावचे. ते सैन्यात स्नायपर होते. त्यांच्यामुळे काही माणसे घरी परतली. त्यांच्यामुळे काही माणसे घरी परतली नाहीत. दोन्ही त्यांच्या स्मरणात आहेत."

काल पास्कोल सरांचा फोन आला. समितीला "परतली नाहीत" हे वाक्य नको आहे, मुले वाचतील म्हणून. मी म्हटले, दत्तारामला विचारा. सर म्हणाले, विचारूनच फोन केलाय.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, ता ऱ्हवांदे. वाटल्यास तेच्या आधीचा काढा."

त्याच्या आधीचे वाक्य म्हणजे गूळ घेऊन येणाऱ्या माणसाचे वाक्य. ते मी काढणार नाही, असे मी त्याला आज पत्राने कळवले आहे. पत्रात त्याला काही विचारलेले नाही. घरी काय चालले आहे, मुलगी कोठे असते, माझे गुडघे कसे दुखतात, असे चार पाने माझेच लिहिले आहे. पोहोचायला तीन-चार दिवस लागतील.