कमालने लावलेला हूक

म्हातारी गेली, तिचं दिवसपाणीही झालं, म्हणून आता मी तोंड उघडते. ती असताना उघडलं असतं तर माझ्या नवऱ्याने मला जन्मात माफ केलं नसतं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण नावाशिवाय त्याची गोष्ट सांगायची कशी? कमाल. कर्जतहून कशेळ्याकडे निघालात की रस्त्यालाच आमचं वेल्डिंगचं दुकान लागतं, त्याचा मालक.

कमाल बोलायला कंजूस, त्याची सगळी कसर मी भरून काढते. जवानीत रसायनीला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. हातांवर ठिणग्यांचे डाग, ईदचा नवा सदरा घातला तरी अंगाला जळक्या लोखंडाचा वास. आणि एक खोड होती. काम झालं की गिऱ्हाइकाच्या आधी हाच त्यावर चढायचा. गेट केलं तर त्याला लोंबकळायचा, जिना केला तर धपाधपा वरखाली करायचा. "माकड हाय का हो तुमी?" मी बोलायचे. तर म्हणे, "पडायचंच असेल तर मी पडतो गं, दुसरा कशाला?"

वाल्मिक त्याचा रसायनीपासूनचा दोस्त. कशेळ्याच्या वर डोंगराच्या पोटात वाल्मिकची वाडी. होळी झाली की तिथली विहीर तळाला जाते आणि बायका हंडे घेऊन खाली ओढ्यापर्यंत उतरतात. मोठा टँकर त्या वळणांवर वळतच नाय. एक दिवस वाल्मिक जुनी बोलेरो घेऊन दारात हजर. "कमालभाई, हिच्यामागे टाकीची ट्रॉली जोडून दे. आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचाय मला."

मी बोलले, "हे डबडं काय ओढणार? आधी हिलाच ओढायला बैल आणा." वाल्मिक हसत बसला. कमाल मात्र गाडीखाली शिरला तो जेवायलाही बाहेर येईना.

बंपरला हूक चिकटवून कोणीही देतं. कमालने बंपरला हातसुद्धा लावला नाय. चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, गंज खरवडला, दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या जोडल्या आणि त्यावर हूक बसवला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, नाहीतर ओझ्याने गाडीचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाय. ब्रेक नवे केले, ट्रॉलीला दिवे दिले, हूक सुटलाच तर धरून ठेवायला साखळी लावली. त्याला टाकी लोखंडाची हवी होती, पाणी हलू नये म्हणून आत आडव्या पत्र्यांची. पण वाल्मिकने प्लास्टिकची काळी टाकी आधीच आणून ठेवलेली. "दिवाळीनंतर लोखंडाची करू," तो बोलला.

"मग एक ऐक," कमाल बोलला. एवढं लांबलचक बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "भरून चढायचं आणि रिकामी करून उतरायचं. अर्ध्या टाकीने उतार धरायचा नाय. अर्धं पाणी डचमळतं. वळणावर सगळं एका अंगाला जातं आणि गाडीला ढकलतं. उरलं तर मातीत सोड, पण घेऊन उतरू नको." मग सवयीप्रमाणे भरलेली टाकी घेऊन हा स्वतः वर जाऊन आला आणि रिकामी उतरवून आणली. मी दारात जीव मुठीत धरून उभी.

वाल्मिकने वाडीला पहिली खेप नेली त्या दिवशी तिकडे सण होता म्हणे. बायकांनी टाकीला हळदकुंकू लावलं. पिंपं भरली, हंडे भरले, कळश्या भरल्या. संध्याकाळी गाडी परत निघाली आणि तिसऱ्या वळणावरून खाली दरीत गेली. ट्रॉलीसकट. वाल्मिक जागच्या जागी गेला.

क्रेनने गाडी वर काढली तेव्हा कमाल तिथे होता. हूक जागच्या जागी होता. साखळीही तशीच. काहीच सुटलं नव्हतं. "मग पडली कशी? मग पडली कशी?" घरी येऊन तो भिंतीला विचारत होता.

त्याचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी वाडीवर मिळालं. सोनाबाई, वाल्मिकची आई, अंगणात बसून रडत होती. रडता रडता बोलत होती, सगळ्यांना आणि कोणालाच नाय असं. "अर्धी टाकी उरली होती रं! पोरगा तोटी सोडून पाणी मातीत घालत होता. मीच धावत जाऊन बंद केली. बोलले, घरातनं भांडं रिकामं धाडतात का कुठं? पहिल्याच दिशी? भरल्या भांड्यानं धाडला मी त्याला, तरी असं कसं झालं रं?"

आईपुढे वाल्मिकचं काय चालणार? पाण्यासाठी हाडं झिजवलेली बाई ती. तिच्या देखत पाणी मातीत कोण सोडेल?

अर्ध्या टाकीचा अर्थ तिथे एकट्या कमालला कळला. तो घरी आला, मला सगळं सांगितलं आणि बोलला, "हे आपल्या दोघांत राहील."

राहिलं. पण लोकांची तोंडं कोण धरणार? कमालचा हूक सुटला, अशी बोंब कशेळ्यापासून कर्जतपर्यंत झाली. न बघता, न विचारता! ज्यांच्या घराचे जिने त्याने केले ते दुसरीकडे जायला लागले. एक जण तर अर्धवट झालेलं गेट टेंपोत टाकून घेऊन गेला. मी भांडले. माझं डोकं तसंही लवकर तापतं. "हूक दाखवा ना लोकांना! गाडी पडलीय अजून चौकीमागे."

"हूक शाबूत दिसला की लोक विचारतील, मग कशाने पडली," कमाल बोलला. "कोणीतरी शोधून काढेल. मग ते वाडीवर पोचेल. त्या माउलीने जगायचं कसं, रहिमा?"

"आणि आपण जगायचं कसं?" मी ओरडले. तो उठून बाहेर गेला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमचं शटर बंदच राहायला लागलं. कमाल आत स्टुलावर बसून राहायचा. लोंबकळायला काहीच नव्हतं. मला ते बघवेना. एका सकाळी मी ठरवलं, आज सांगायचंच. त्याला न विचारता कशेळ्याहून जीप पकडली. भांडायला निघाले होते, तरी रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेतलं.

सोनाबाई तेव्हाच हंडा घेऊन वर आली होती. धापा टाकत होती. मला बघून आधी त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"बरं झालं आलीस गं. तुझ्या माणसाला माझा एक निरोप दे. लोक काय बी बोलूदे, मी त्याला शिव्याशाप दिले नाय. माणसाच्या हातून चुकी होते. माफ केलंय म्हण." मग पदराने डोळे पुसले. "मला एकच समाधान हाय. मी माझ्याकडनं पोराला रिकामं नाय धाडलं."

या अल्ला! गळ्यापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं. मी नुसती मान हलवली. तिने माझा डबा रिकामा करून घासला, आत गेली, आणि काठोकाठ करवंदं भरून माझ्या हातात ठेवला.

दुकानात आले तर कमाल तसाच स्टुलावर. माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं त्याने, कुठे गेले होते ते. "सांगितलंस?"

"नाय."

"मग?"

"तिने तुमाला माफ केलंय म्हणाली."

खरंच त्याच्याच हातून झालं असावं तशी त्याने मान खाली घातली. "बरं झालं," बोलला. मग डबा घेतला, झाकण काढलं, आत बघितलं, आणि वाल्मिकच्या मयतीला नाय रडला तेवढा माझा नवरा त्या दिवशी रडला.