टोरी कोणी पास केली

ज्या गुरुजींनी मला चौथीत शिकवले, त्यांनीच निवृत्त झाल्यावर मला या कामात आणले. माझी शाळा चौथीलाच संपली होती. काम होते आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचे शब्द मोबाईलच्या कीबोर्डात घालायचे, अर्थासकट. कीबोर्ड फुकट, त्याचा कोड सगळ्यांना उघडा, आणि काम करणारे सगळे आपापल्या घरून, बिनपगारी. नागपूरच्या एक मॅडम ते सांभाळत. मला चारचौघांत बोलता येत नाही. इथे बोलावे लागत नव्हते.

नियम थोडेच होते. शब्द पुस्तकातून उचलायचा नाही, कोणाच्या तोंडून ऐकला ते लिहायचे. आणि ज्याने आणला त्याने पास करायचा नाही, दुसऱ्याने करायचा. आमच्या गावात ती दुसरी म्हणजे मीच. माझे खाते गुरुजींनी उघडून दिले, पासवर्डही त्यांनीच ठरवला आणि माझ्या वहीच्या मागे लिहून दिला. त्यात कोणाला वावगे वाटले नाही. बँकेचा फॉर्मसुद्धा गावात तेच भरून देत.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आम्ही बाया शेताच्या धुऱ्यावर डबे सोडून बसलो होतो. जावेच्या मुलीने मोबाईल काढला नि हसत सुटली.

"मोठीमाय, टोरी म्हंजे मोहाचं फूल? खाली तुयं नाव हाये. तूच पास केली!"

"जल्म गेला हिचा मोहफूल वेचण्यात, अन् हिले टोरी समजत नाही," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

टोरी म्हणजे मोहाचे फळ. त्याच्या बीचे तेल निघते. फूल वेगळे. तो शब्द मी पाहिलाच नव्हता. भात तसाच डब्यात राहिला.

घरी येऊन जावेच्या त्याच मुलीकडून जुन्या नोंदी उघडून घेतल्या. तिथे कोणी काय केले ते वेळेसकट राहते, पुसता येत नाही. रोवणे सुरू झाल्यापासून गुरुजींचे चाळीस शब्द माझ्या नावाने पास झाले होते, सगळे सकाळी दहा-अकराला. त्या वेळी मी धानाच्या बांधीच्या चिखलात असते आणि माझा मोबाईल घरी कोनाड्यात.

दोन दिवसांनी त्यांच्या ओसरीवर गेले.

"गुरुजी, माझ्या नावानं तुमी शब्द पास केले?"

"केले. काऊन? तू रोवण्यात, म्या कोनाची वाट पाहू?"

"टोरी चुकली."

"त दुरुस्त करून टाक. वर मॅडमले कायले सांगाचं? तुले अक्षरं कोनं शिकवली?"

"तुमीच."

त्यांच्या बायकोने दिलेला चहा पिऊन परत आले.

टोरी दुरुस्त केली असती तर कोणाला कळले नसते. पण बाकीच्या एकोणचाळीस शब्दांखाली माझे नाव तसेच राहिले असते, आणि ते मी वाचलेले नव्हते. आधी पासवर्ड बदलला. मग मॅडमना चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींना दोन दिवस लागले. गुरुजींच्या पाठीमागे पाठवायच्या नव्हत्या, म्हणून पुन्हा ओसरीवर जाऊन त्यांना वाचून दाखवल्या.

"पाठव," म्हणाले आणि आत निघून गेले.

मॅडमनी गुरुजींना विचारले, त्यांनी कबूल केले. नियमाप्रमाणे त्यांचा पास करायचा हक्क सहा महिने गेला. शब्द आणायला मात्र मोकळीक राहिली, तेवढे मी मागितले होते. पण माझ्या नावाने पास झालेले सगळेच शब्द परत काढले गेले, मी खरोखर वाचून केलेलेसुद्धा. दोन वर्षांचे काम. रडू आले. मग वाटले, कोणता मी पास केला नि कोणता गुरुजींनी, हे नागपुरात बसून मॅडमना कसे कळणार? पहिल्या शब्दापासून पुन्हा धरले. टोरी सगळ्यांत आधी.

धान घरात आल्यावर गुरुजी आमच्या अंगणात आले. तोवर बोलत नव्हते. हातात कागद होता.

"हा पाहून घे."

'बोडी म्हणजे तळे', एवढेच लिहिले होते.

"कोनाच्या तोंडून ऐकला, गुरुजी?"

"मले माहीत हाये ना!"

"ते लिहा. नाहीतर म्या पास नाही करत."

ते माझ्याकडे बघत राहिले. शाळेत असे बघितले की मी छडीसाठी हात पुढे करायची. या वेळी हात कागदावरच ठेवला. शेवटी ते दारात बसलेल्या माझ्या सासूकडे वळले.

"बाई, बोडी म्हंजे काय वो?"

"एवढे शिकले अन् मले इचारता?" सासू म्हणाली. "तळं गावाचं. बोडी लहान, आपल्या शेतापुरती."

गुरुजींनी आधीचे खोडले. सासूने सांगितले ते लिहिले, खाली तिचे नाव लिहिले, आणि कागद माझ्याकडे दिला. मी दोनदा वाचला. मग कोनाड्यातून मोबाईल आणला.