बाभळीच्या काट्यानं लिहिलेली पत्रं

सोलापूरच्या स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली तरी गोदीनं माझ्या सदऱ्याची बाही सोडली नव्हती. गोदी माझी धाकटी बहीण. कुंभारीत देवीची साथ आली तेव्हा आम्हा दोघांचेही डोळे गेले. पण मुंबईच्या अंधशाळेत निघालो होतो मी एकटाच. "पोरीला कुटं एवढ्या लांब धाडायचं?" असं आबांनी आधीच सांगून टाकलं होतं. आई एवढंच म्हणाली, "तू शिकलास की तिलाबी शिकीव." मी "व्हय" म्हणालो आणि बाही झटकून सोडवून घेतली.

मुंबईत मी लवकर रुळलो. घंटेवर उठायचं, बेंचावर बसायचं, चहात पाव बुडवायचा. कागदावर उठलेले ब्रेलचे ठिपके बोटानं वाचायचे. सुटीत गावी आलो तेव्हा मातीच्या ओल्या वड्यांवर ज्वारीचे दाणे रोवून गोदीला ती अक्षरं शिकवली. मला दोन महिने लागले होते, पठ्ठीनं आठ दिवसांत सगळी पाठ केली. खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच आला. वाचायचं शिकवलं, लिहायचं राहिलं. जाताना चार जाड कागद तेवढे तिच्याकडं टाकले.

मग तिची पत्रं येऊ लागली. पाकिटावर पत्ता गावच्या गुरुजींच्या हातचा, आत बाभळीच्या काट्यानं टोचलेला कागद. बोट फिरवलं तर काही म्हणता काही लागेना. "बहिणीनं कागदाची चाळण केलीय बघा!" असं म्हणून मी होस्टेलभर हसवलं. चार पत्रं आली. एकालाही उत्तर दिलं नाही, ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली.

पुढं त्याच शाळेत मी मास्तर झालो. कामावर डोळे गमावलेला एक गिरणीकामगार शिकायला आला. वाचायला शिकला होता, तशीच सरळ अक्षरं त्यानं टोचून ठेवली.

"अहो, उलटं टोचायचं असतं!" मी खेकसलो. "ठिपका कागदाच्या मागं उठतो. उजवीकडून टोचत या, कागद पालटला की सुलट होतं."

"मला कुणी सांगितलं हुतं, मास्तर?" तो म्हणाला.

तास तसाच टाकून मी उठलो. खोलीवर जाऊन ट्रंक उपसली आणि गोदीची पत्रं उजवीकडून चाचपत गेलो. चारही पत्रांत एकच मजकूर होता. "दादा, मलाबी ने. मी शिकले की."

मिळेल त्या गाडीनं कुंभारी गाठली. ब्रेल लिहायची पाटी, टोचणी, टोचलेले कागद, सगळं नेलं. गोदी जात्यावर लोकांची दळणं दळत होती. तिनं ठिपक्यांवर बोट फिरवलं, परत फिरवलं. बोटांना घट्टे पडलेले.

"न्हाय लागत, दादा. आता बोटंबी आंधळी झाली बघ," ती हसत म्हणाली.

आता दर सुटीत जातो आणि तिला वाचून दाखवतो. ती माझी बाही धरून ऐकते. परवा मधेच तिनं विचारलं, "माजी पत्रं मिळाली हुती का रं?"

"नाही गं. पोस्टात गहाळ झाली असतील."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटत हुतं, माजंच लिवायचं चुकलं."

गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हाला घर म्हटलं की काय आठवतं, मला ठाऊक नाही. मला तेवढं एक वाक्य ऐकू येतं. आणि कुंभारीकरांनो, हे तुमच्या हाती पडलं तर गोदीला वाचून दाखवा. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यापुढं बसलो की मला ते सांगवत नाही.