आपोआप फिरणारा बाण

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण उमरेडहून आलेल्या त्या बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. मी तेव्हा नागपुरात सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका खाजगी रुग्णालयात ठरलं होतं. आदल्या दिवशी रुग्णालयाच्या नावाने फोन आला : डॉक्टर बाहेरगावी गेलेत, पेशंटला दुसरीकडे न्या. सांगितलेल्या ठिकाणी धड सोय नव्हती. नवऱ्याची तब्येत आणखी बिघडली.

"अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवलात?"

"साहेब, यायच्या हृदयाची कोणती नस बंद आहे थेही त्याले माहीत होतं. मंग शंका काहून येईन?"

अशा आणखी तक्रारी आल्या. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे जबाब घेतले, काही निघालं नाही. मग स्वागतकक्षातली मुलगी जाता जाता दारात थांबली.

"साहेब, मी माउसले हात नव्हता लावला, तरी स्क्रीनवरचा बाण फिरून राहिला होता. मले वाटलं, कॉम्प्युटरवाले दादा घरून दुरुस्ती करून राहिले. मंग विचारलं, तर ते म्हणे मी लग्नात होतो."

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. घरबसल्या रुग्णालयाचे कॉम्प्युटर उघडता येतील असं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्याने सगळीकडे टाकलं होतं. सगळ्यांना एकच पासवर्ड.

"तो कोणाला माहीत आहे?"

"मलेच."

"आधी सोबत कोण होतं?"

तो पाणी प्यायला. "एक पार्टनर होता. भांडण झालं, गेला."

"मग पासवर्ड बदलला?"

"राहून गेलं, साहेब."

संशय म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही एका खोट्या रुग्णाची माहिती तयार केली, त्यात आमच्या महिला हवालदारांचा मोबाईल नंबर घातला आणि ती फक्त स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर ठेवली. दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. हवालदार बाईंनी रडवेल्या आवाजात फोन करणाऱ्याला बोलतं ठेवलं; तो पेशंट दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवून कमिशन खाणारा दलाल निघाला. त्याला उचललं, त्याने माहिती विकणारा म्हणून त्या जुन्या पार्टनरचं नाव घेतलं. पार्टनरच्या खापरखेड्याच्या खोलीत पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला, तेव्हा रुग्णालयाची स्क्रीन त्यावर उघडीच होती.

"मी काही चोरलं नाही," पार्टनर म्हणाला. "नुसतं पाहत होतो."

रुग्णालयाच्या संचालकांनी विचारलं, आता कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? म्हटलं, महागच घ्या असं नाही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा, मोबाईलवर कोड यावा, समोर बसलेल्याने होकार दिल्याशिवाय स्क्रीन उघडू नये, आणि सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. त्यांना तसं परवडणारं मिळालंही.

चोरी म्हणजे काहीतरी नाहीसं होणं, असंच मी समजत आलो होतो. इथे तर रुग्णालयातून कागदाचा कपटाही गेला नव्हता. काय गेलं ते नंतर कळलं. ऑपरेशनची नवी तारीख सांगायला रुग्णालयातून खरा फोन गेला, तेव्हा त्या पहिल्या बाईंनी ऐकून घेतलं नाही. "फोनवर नोका सांगू, मीच येतो," म्हणाल्या, आणि उमरेडहून एसटीने येऊन डॉक्टरांना समोर पाहिल्यावरच त्यांनी मान डोलावली.