राव सारांची मुकी गाडी

कुठलीही गाडी समोर आली की राव सार आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मान डोलवून म्हणायचे, "सेरि. जीव आहे हिच्यांत." 'सेरि' हे तमिळमधलं 'बरं', जसं 'सार' म्हणजे 'सर'. बाकी मराठी, पण तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. मी नाशिकहून नोकरीसाठी चेन्नईत आलो, तेव्हा माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच. तेही वर म्हणायचे, "तुमची मराठी फार नवी हो!"

अड्यारला त्यांचं स्वयंपाकघर होतं. तिथून पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात दुपारचं जेवण यायचं, एका म्हाताऱ्या डिझेल व्हॅनमधून. ती वळणावर आली की वरच्या मजल्यापर्यंत काचा थरथरायच्या आणि लोक हात धुवायला उठायचे.

मग एके सकाळी आमच्या साहेबांना पृथ्वीची काळजी वाटू लागली. डिझेलची व्हॅन आवारात येणार नाही, असा फतवा निघाला. साहेबांची स्वतःची गाडी डिझेलवरच चालायची, पण तिचं पृथ्वीला वावडं नसावं. राव सारांनी इलेक्ट्रिक व्हॅन आणावी, नाहीतर काम दुसऱ्याला. त्यांचं मोठं गिऱ्हाईक आम्हीच. स्वयंपाकघरातल्या साऱ्या बायकांची चूल आमच्या भुकेवर पेटायची. मी ॲडमिनमध्ये, म्हणून गाडीची पारख करायला मला सोबत धाडलं.

शोरूमने आठवडाभर वापरून बघायला भलीमोठी पांढरी व्हॅन दिली आणि सोबत एक विक्रेता. चेन्नईच्या उकाड्यात टाय लावलेला. तो बॅटरीचं कौतुक सांगत असताना सारांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"थंड आहे की हो ही!"

"इलेक्ट्रिक आहे, सार. तापत नाही," विक्रेता म्हणाला.

"मग हिचें दुखलेंखुपलें तर कळायचें कसें?"

विक्रेत्याने माहितीपत्रक उलटंसुलटं चाळून पाहिलं.

सारांची परीक्षा वेगळी होती. सांबाराचं पातेलं काठोकाठ भरून, झाकण न लावता मागे ठेवलं आणि शेजारी मला बसवलं, कारण मी कंपनीचा निरीक्षक. मेट्रोसाठी खणलेल्या रस्त्याने गाडी निघाली. पहिल्याच गतिरोधकाने अर्धी वाटी सांबार माझ्या पँटवर आलं.

"फार नाही सांडलें," सार खूश होऊन म्हणाले. "जुनींत न्हालां असतां."

गाडी पास झाली. अजून विकतही घेतली नव्हती, तरी तिच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवून चिरडून झाली. विक्रेत्याने टाय सैल केला.

दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन व्हॅन आवारात शिरली, मांजराच्या पावलांनी. आम्ही पातेली मांडून बसलो. कुणी येईना. मी म्हटलं, "फोनवर निरोप टाकतो."

"जेवायला या म्हणून टपाल पाठवायचें? छे! तोंडानें बोलवावें माणसाला."

पण तोंडाने बोलवायला वर जायचं, तर त्यांना गेटपास नव्हता. शेवटी मीच वर गेलो, तोवर उशीर झाला होता. वर लोकांना वाटलं, आज राव आलेच नाहीत. सगळ्यांनी बिर्याणी मागवली. साहेबांनी लगेच शेरा मारला, 'जेवणाला प्रतिसाद कमी.' गाडीची सगळी परीक्षा आम्ही केली होती, फक्त ती मुकी आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी सार सांबार तसंच परत घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या दुपारी ते आवारात उभे राहिले आणि पितळी पळी पातेल्याच्या झाकणावर बडवू लागले. सगळं ऑफिस खाली आलं. ध्वनिप्रदूषण होतंय, असं सांगायला साहेबही आले. ताट घेऊनच आले.

काम टिकलं. सारांनी व्हॅन घेतली. आणि एका दुपारी सगळ्यांना वाढून, पळी धुऊन घरी गेले ते परत आलेच नाहीत. छातीत आठवडाभर दुखत होतं म्हणे. रोज त्यांच्या हातचं जेवणाऱ्या आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.

आता त्यांची मुलगी व्हॅन आणते. फोनवर निरोप येतो, लोक उतरतात. मी जरा आधीच खाली जातो. परवा नकळत माझा हात बॉनेटवर गेला. थंडच होतं.

"अप्पाही तसेंच करीत," ती म्हणाली.

मग सीटमागे टांगलेली पळी काढून तिने झाकणावर एकदाच वाजवली. वर काचेपाशी डोकी गोळा झाली आणि खाली कुणालातरी शोधू लागली.